बाकावरची भिंगरी

प्रिय ताडू,

'प्रिय' लिहायचं असतं म्हणून लिहिलंय, लगेच विरघळू नकोस. फोन तू उचलत नाहीस, घरी तू फिरकत नाहीस, आणि शाळेच्या फाटकात मला बघितलं की शिपाई आडवा हात करतो. राहिला कागद. चौथीत माझी शाळा सुटली ती सुटलीच, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ शोधत बसू नकोस, काय लिहिलंय ते वाच. सगळी शाळा तुला मॅडम म्हणते. मी म्हणणार नाही. त्यांची असशील खेळाची बाई, माझी नणंद आहेस. ताडू हे नावसुद्धा मीच ठेवलंय, दाराच्या चौकटीवर तुझं कपाळ आपटायला लागलं तेव्हा.

मी लग्न होऊन आले तेव्हा तू फ्रॉकमधली पोर होतीस. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, तुझी वेणी घालण्यापासून तुझ्या गुडघ्यांना मलम लावण्यापर्यंत सगळं माझ्याकडे. मागच्या अंगणात दोरीवर मी ओली चादर टाकली की तुझं नेट तयार व्हायचं. धुतलेली चादर तुझ्या चेंडूने परत मळायची आणि मी ती परत धुवायचे. तुझ्या सामन्यांना घरातलं कोण यायचं? मामंजी म्हणायचे, पोरीने उड्या मारून काय होणार. तुझा दादा लोकांत यायला लाजायचा. मीच यायचे, कामावरून तशीच, अंगाला साबणाचा वास घेऊन, आणि पायऱ्यांवरून ओरडायचे. तेव्हा तुला ते गोड लागायचं.

माझा आवाज मोठा आहे हे मला कोणी सांगायला नको. दवाखान्याच्या धुलाईत काम करून बघ एकदा. मशीनं घुमत असतात, इस्त्रीचा मोठा रोलर फुसफुसत असतो, आणि चादरीचं दुसरं टोक धरलेल्या बाईला 'सोड' म्हणायचं तर ते छातीतून म्हणावं लागतं. नुसतं ओठांतल्या ओठांत म्हटलं तर तिची बोटं रोलरखाली जातात. तिथे सगळ्या बायका अशाच बोलतात आणि कोणाला वाईट वाटत नाही. घरी आल्यावर तोच आवाज असतो. दुसरा आणू कुठून?

तर या वर्षी तू माझ्या भिंगरीला शाळेच्या व्हॉलीबॉलच्या संघात घेतलंस. सख्खी भाची म्हणून घेतलंस असं लोक म्हणाले, मी त्यांना तिथल्या तिथे झाडलं. चेंडू उचलून द्यायचं काम तिला दिलंस. मारते तिला टाळ्या मिळतात, उचलून देते तिच्याकडे कोणी बघत नाही, पण ती चुकली तर मारणारी नुसती हवेत हात फिरवते, हे तूच मला अंगणात शिकवलेलं. शाळेचं तिचं हे शेवटचं वर्ष. शेवटच्या सामन्याला क्रीडा-वसतिगृहाची माणसं येतात आणि तिथूनच पोरी उचलतात, हे तुला ठाऊक, मला ठाऊक, भिंगरीला तर झोपेतही ठाऊक. आणि ज्या पोरीला खेळताना कोणी बघितलंच नाही तिला कोण उचलणार?

आणि तू काय केलंस? पहिला सेट खेळवायचीस आणि दुसऱ्याला बाकावर. पहिल्या सामन्यात मला वाटलं, दमली असेल. दुसऱ्या सामन्यात वाटलं, काही चुकलं असेल. तिसऱ्या सामन्यात तिने असे काही चेंडू उचलून दिले की समोरच्या पोरी नुसत्या बघत राहिल्या, मी आनंदाने पायरीवर उभी राहून तिच्या नावाने ओरडले, आणि पुढच्या सेटला तू तिला बसवलीस. मग माझं डोकं फिरलं. मग मी तुझ्या नावाने ओरडले. मग ती त्याच्या पुढच्या सेटलाही बाकावर. तिच्या जागी कोण, तर औषधवाल्याची लेक. ती पोर वाईट नाही, पण चेंडू आला की आधी स्वतःचे केस सावरते, मग चेंडूकडे बघते.

औषधवाल्याची बायको माझ्याशेजारीच बसायची. मला वाटलं, बाई मोठ्या मनाची आहे. स्वतःची मुलगी खेळतेय तरी हिला माझ्या मुलीसाठी वाईट वाटतंय. म्हणायची, बोला हो ताई, तुम्ही नाही बोलणार तर कोण बोलणार, आमच्यात हिंमत नाही. माझा घसा कोरडा पडला की पर्समधून खोकल्याची गोळी काढून द्यायची, दुकानातली, चांगली लवंगेची. मी ती चघळायचे आणि आणखी जोरात ओरडायचे.

त्यानंतर मी शाळेत आले. मोठ्या बाईंच्या खोलीत, चषकांच्या कपाटासमोर, मी तुला काय काय बोलले ते तुला पाठ असेल. तुला स्वतःचं मूल नाही म्हणून दुसऱ्याचं बघवत नाही, असं बोलले. शिपाई चहा घेऊन दारात उभा होता, त्याने कप परत नेले. बोलले ते बोलले. आता ते पुसता येत नाही आणि खोटं खोटं पुसायची मला सवय नाही. पण तूही काही कमी केलं नाहीस. तू गळ्यातली शिट्टी मुठीत धरलीस आणि म्हणालीस, "वहिनी, तुम्ही हळू बोला. नियम सगळ्यांना सारखा आहे. दादाला विचारा." तुम्ही! जिचं नाक मी पदराने पुसलं ती मला तुम्ही म्हणते, तेही परक्या बाईसमोर. मी तुझ्या मूल नसण्यावर बोलले आणि तू मला एका शब्दात घराबाहेर काढलंस. हिशोब काय तो बरोबर झाला.

घरी जाऊन तुझ्या दादाला विचारलं, कसला नियम? तो दुकानांच्या पाट्या रंगवतो हे बरंय. लोकांसाठी हातभर अक्षरं काढतो, स्वतः बोलायची वेळ आली की टाचणीएवढा होतो. ताटातून वर न बघता म्हणाला, असेल काहीतरी हजेरीचं. मी भिंगरीची हजेरी तपासली. पोर तापातसुद्धा सरावाला गेलेली. मग माझी खात्रीच पटली की तू मुद्दाम करतेस. तेव्हापासून तुझं नाव घरात घ्यायला बंदी. तू मुक्कामाला आलीस की उघडायचो तो घडीचा पलंग माळ्यावर टाकला. भिंगरीला सांगितलं, आत्या म्हणायचं नाही, मॅडम म्हण. ती नुसती मान हलवून दप्तर भरायला लागली. त्या पोरीचं हेच मला कळत नाही, अंगात एवढी चपळाई आणि तोंडात काही नाही, बापावर गेलीय.

आता परवाचं सांगते. परवाच्या सामन्याला माझा घसा पार बसलेला. धुलाईत गरम वाफेतून थंड पाण्याच्या हौदाकडे दिवसभर ये-जा केली, त्याने ताप आला आणि आवाज गेला. तरी आले. बोलायला गेले की नुसती हवा यायची. त्या दिवशी भिंगरी पहिला सेट खेळली, दुसरा खेळली, तिसरा खेळली. एकदाही बाकावर नाही. तू तिच्या पाठीवर थापसुद्धा मारलीस, मी बघितलं. मी नुसती टाळ्या वाजवत होते आणि मनात म्हणत होते, आली वाटतं हिला अक्कल. शेजारी औषधवाली चुळबुळ करत होती. आज गप्प गप्प का ताई, म्हणाली. गोळी देऊ का म्हणाली. मी मानेनेच नको म्हटलं. मला बोलता येत नाही म्हणजे ऐकूही येत नाही असं तिला वाटलं की काय देव जाणे, तिसऱ्या सेटच्या मध्यावर ती पलीकडच्या बाईला चिडून म्हणाली, "आज हिचा घसा बसलाय ना, म्हणून हिची पोर उभी आहे. नाहीतर नियमाने कधीच बसली असती."

मी तिथल्या तिथे तिचं मनगट धरलं. आवाज नव्हता, पण पकड होती. चादरी पिळलेला हात आहे माझा. मग ती सगळं बोलली. वर्षाच्या सुरुवातीला तू पालकांना बोलावलंस. आदल्या वर्षी पोरींना खेळवण्यावरून दोन बापांनी एकमेकांच्या कॉलरी धरल्या होत्या, म्हणून तू नियम केलास की ज्या मुलीच्या घरचं माणूस पायऱ्यांवरून ओरडेल ती मुलगी पुढच्या सेटला बाहेर बसेल. मग ते माणूस रागाने ओरडो की आनंदाने. त्या सभेला मी नव्हते, धुलाईत माझी कामाची पाळी होती. तुझा दादा होता. तू त्याला जाताना परत सांगितलंस म्हणे, वहिनीला नीट समजावून सांग. तो हो म्हणाला.

घरी आले. तुझा दादा मोरीत ब्रश धूत होता. मी काही बोलायच्या आतच त्याला कळलं. म्हणाला, तुला ओरडू नको म्हणून सांगायचं तर तू माझ्यावर ओरडली असतीस. म्हणून आज सांगू, उद्या सांगू असं करत वर्ष संपत आलं. या माणसाने माझ्या भीतीने पोरीला बाकावर बसू दिलं आणि तुला शिव्या खाऊ दिल्या. त्याचं काय करायचं ते मी बघते, तू मध्ये पडू नकोस. त्या औषधवालीचंही मी बघेन. पण तुझं काय? तू मला अंगणापासून ओळखतेस. माझा निरोप त्या मुखदुर्बळ माणसाकडे देतेस? रस्त्यात गाठून माझ्या तोंडावर सांगायला काय झालं होतं? मोठ्या बाईंच्या खोलीतसुद्धा एका वाक्यात सांगता आलं असतं. तुलाही माझी भीती वाटली, की तुझं शहाणपण आडवं आलं?

सगळ्यांत शेवटी भिंगरीला धरलं. ती पलंगावर बसून गुडघ्याच्या पट्ट्या सोडत होती. तिलाही पहिल्या दिवसापासून माहीत होतं. प्रत्येक वेळी माझा आवाज आला की आता आपण बाकावर बसणार हे तिला ठाऊक असायचं. मी घशातून जेवढा निघाला तेवढा आवाज काढून विचारलं, मग सांगितलं का नाहीस. ती पट्टी सोडतच म्हणाली, "सांगितलं असतं तर तू यायची बंद झाली असतीस." मी तिला म्हटलं, मूर्ख आहेस, आणि जाऊन स्वयंपाकघरातले डबे घासत बसले. घासलेलेच होते.

आता कशासाठी लिहितेय ते ऐक, माफी मागायला नाही. राग अजून आहे, आणि तो असणारच. शनिवारी शेवटचा सामना आहे आणि वसतिगृहाची माणसं येणार आहेत. माझा घसा सुटलाय. काल मी कामावर तोंड मिटून राहायचा सराव करून बघितला, दुपारपर्यंत तीन चादरी रोलरमध्ये अडकवल्या. मला जमणार नाही, ताडू. तोंडाला पदर लावला तरी तिने एक चेंडू चांगला उचलला की माझ्या तोंडून जायचंच, तेव्हा तुला खोटं वचन देत नाही. घरी बसले तर पोर समजेल की तिने खरं सांगितलं म्हणून आई आली नाही, आणि ते मला चालणार नाही. म्हणजे मी येणार आणि मी ओरडणार. नियम मोड असं मी म्हणत नाही, भाचीसाठी मोडलास तर लोक तुला फाडून खातील. पण ओरडते मी आणि बसते ती, ही कुठली रीत झाली? मी ओरडले की खेळ थांबव. पायऱ्या चढून माझ्यापर्यंत ये, माझ्या दंडाला धर आणि भर हॉलमधून, त्या औषधवालीच्या समोरून, मला दाराबाहेर काढ. हवं तर तुम्ही म्हण. मी तोंडातून शब्द काढणार नाही, चालायला लागेन, आणि बाहेर रस्त्यावर उभी राहून जेवढं ऐकू येईल तेवढं ऐकेन. मला बाहेर काढ. तिला काढू नकोस.

तुझीच, रागावलेली,
वहिनी