तोंडावर मास्तर, पुस्तकात बेअरर

साहेब, तुमचं पुस्तक बुधवारी इथल्या, सिंगापूरच्या, तोआ पायोह भागातल्या लायब्ररीतून घरी आलं आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली. गेलेल्या माणसाशी कुणी भांडत नाही, ठाऊक आहे मला. पण तुम्ही होतात तेव्हा भांडायची माझी टाप नव्हती, मग भांडायचं तरी कधी? माझ्या लेकीला शाळेत प्रोजेक्ट आहे, या शहरात राहून गेलेल्या एका परक्या माणसावर लिहायचं. मीच हौसेने तुम्हाला सुचवलं. म्हटलं, हा माणूस इथल्या ब्रिटिश वकिलातीत बडा अधिकारी होता, पण त्याआधी मुंबईत होता, आणि तिथे तुझ्या आजोबांनी त्याला मराठी शिकवलं. तिने पानं चाळली, एका ठिकाणी बोट ठेवलं आणि विचारलं, "आई, इथे बेअरर लिहिलंय. सो आजोबा वेटर, आह?"

तुमचं अख्खं आयुष्य आहे त्या पुस्तकात. लॉर्डाचे तिसरे चिरंजीव. थोरल्याला जमीनजुमला, मधल्याला पलटण, उरलात तुम्ही, तर तुम्हाला परराष्ट्र खातं. घोडे आहेत, कुत्रे आहेत, कुठल्या राजपुत्राला जेवणाच्या टेबलावर कसं हसवलंत ते आहे. सिंगापूरच्या बंगल्यात गुलाब जगले नाहीत याचं दुःख दोन पानं आहे. शेवटी राणीसमोर गुडघा टेकून 'सर' झालात. यात मुंबईला पानं सात, आणि त्या सातांत माझ्या वडिलांना, अण्णांना, एक ओळ. मराठी माणूस निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो, हे तुम्हाला म्हणे तुमच्या बेअररने सांगितलं, आणि बिचाऱ्याला त्यातली गंमत कळत नव्हती. बिचारा! दिवसभर शाळेत पोरांना व्याकरण शिकवायचं, संध्याकाळी दोन बसगाड्या बदलून तुमच्याकडे यायचं, तेही इस्त्रीचा कोट घालून. तोंडावर तुम्ही त्यांना मास्तर म्हणायचात. अगदी मानाने म्हणायचात, म्हणून तर जास्त चीड येते.

हे बेअरर कुठून आलं तेही मला माहीत आहे. तुम्ही विसरला असाल, मी नाही. मी नऊ वर्षांची. शनिवार म्हणून अण्णांनी मला बरोबर आणलेलं. व्हरांड्यात तुमची शिकवणी चालू आहे, धडा याच 'येतो'चा. चहा येतो, एक कप तुम्हाला, एक अण्णांना. तेवढ्यात तुमच्याकडची एक गोरी पाहुणी बाई येऊन बसते. अण्णा आपला कप ओठांपर्यंत नेत नाहीत, तो तसाच तिच्यापुढे करतात. आपल्याकडे समोर माणूस आलं की हात आपोआप तसा पुढे होतो, त्यात विचार नसतो. बाई कप घेते आणि वर न बघता म्हणते, साखर. अण्णा तुमच्याकडे बघतात. एक शब्द बोलायचा होता तुम्हाला, मराठीत, इंग्रजीत, कशातही. तुम्ही फुलदाणीकडे बघता. आणि माझे अण्णा उठून साखर आणायला आत जातात.

मला राहवलं नाही. जेवढं इंग्रजी येत होतं तेवढं गोळा करून मी मोठ्याने म्हटलं, "माय फादर इज टीचर."

तेव्हा मात्र तुमची मान वळली. गोड हसलात. "अ टीचर," तुम्ही म्हणालात. "माय फादर इज अ टीचर." बाईही हसली. तुम्ही मला बिस्किटांचा डबा दिलात, झाकणावर शिकारीचे घोडे असलेला. परत येताना बसमध्ये अण्णांनी काय विचारावं? साहेबांनी तुझी चूक सुधारली, आभार मानलेस का? त्या दिवशी मला तुमच्यापेक्षा त्यांचाच राग आला होता. अजूनही थोडा आहे.

बदली झाली तेव्हा तुम्ही त्यांच्यापुढे हात जोडलेत आणि म्हणालात, "येतो, मास्तर." उच्चार अगदी चोख. अण्णा पुढे कितीतरी वर्षं हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. दर दिवाळीला पोस्टमन आला की चष्मा शोधायचे. हे नुसतं म्हणायचं असतं, असं त्यांनीच तुम्हाला शिकवलेलं, तरी वाट बघत राहिले. तुमचं एक कार्डसुद्धा आलं नाही.

लेकीला हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, टीचर सोर्स विचारणार, तुझ्याकडे प्रूफ आहे? पुस्तकात तर बेअरर छापलंय. प्रूफ म्हणून माझ्याकडे काय आहे, तर तुमचा तो डबा. त्यात आता मोहरी असते. पोरीने माझा चेहरा पाहिला असावा. काल तिने प्रोजेक्टच्या शेवटी, तुमचा जन्म, तुमच्या बदल्या, तुमची पदवी या सगळ्याच्या खाली, स्वतःहून एक ओळ लिहिली: माय ग्रँडफादर वॉज टीचर.

इथल्या पोरांच्या बोलण्यात तो 'अ' गळतोच. ऑफिसात मी दिवसभर दुसऱ्यांच्या रिपोर्टांत तो घालत असते, माझी त्यासाठी ख्याती आहे, तुमची कृपा. पण ही ओळ बघून मला भरून आलं. मी नऊ वर्षांची असतानाचं माझंच वाक्य, तसंच्या तसं, आणि या वेळी अडवायला तुम्ही नाही. मी ठरवलं, याला हात लावायचा नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच आहे. खाली 'येते' असंही लिहिणार नाही, ते अण्णांच्या माणसांसाठी. फक्त एक सांगून टाकते. आज सकाळी ती बूट घालत होती, तेवढ्यात मी तिच्या बॅगेतून तो कागद काढला आणि पेन्सिलीने तो 'अ' घातला.