वर्लीनच्या हातच्या वेण्या

८ जुलै १९७४, सोमवार

घेतलं! मला संघात घेतलं!!

आमच्या वस्तीच्या तलावावर मिस क्राउडर पोहायला शिकवतात. आज त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं — "आधी ओडेसा, मग वर्लीन, शेवटी लुनेल." शेवटी सगळ्यात जोरात पोहणारीला ठेवतात. म्हणजे मी! आणि माझ्या आधी माझ्याच दोघी मैत्रिणी! वर्लीन इतकी किंचाळली की रखवालदार धावत आला, कोणी बुडालं की काय म्हणून. शर्यत वीस तारखेला. अख्ख्या फिलाडेल्फियातल्या तलावांचे संघ येणार! एका संघात तिघीच, एक जरी गळली तरी संघ बाद.

आता मम्माला सांगायचं. तिला वाटतं मी उथळ बाजूला पाय बुडवून बसते.

९ जुलै

नाही म्हणाली.

१० जुलै

काल रडण्यातच रात्र गेली, आज नीट लिहिते. एकवीसला रोझेटामावशीचं लग्न आहे, चर्चमध्ये. म्हणजे शनिवारी सकाळी मम्मा गॅसवर लोखंडी कंगवा तापवणार आणि मी कान मुडपून धरून बसणार, भाजू नये म्हणून. सगळे केस सरळ! "आणि दुपारी तू पाण्यात उडी मारणार? थेंब लागला की पुन्हा फुगले! माझी मेहनत फुकट?" टोपी घालीन म्हटलं. "टोपीचं मला सांगू नकोस!"

ओडेसाला सांगितलं तर तिचं तोंड एवढंसं झालं. वर्लीन म्हणाली, "रड नंतर. आधी डोकं दाखव."

१३ जुलै, शनिवार

वर्लीन म्हणजे वर्लीनच! म्हणे डोक्यालगत बारीक वेण्या घालू. पाण्यात जा, बाहेर ये, तश्शीच लग्नाला जा — वेणी जागची हलणार नाही. तिच्या आजीने शिकवलंय तिला.

पण मम्मा! "लग्नात शेतावरच्या वेण्या? लोक म्हणतील, लुएलाची पोर कापसाच्या शेतातून उठून आली. दक्षिणेतलं ते शेत सोडून मी एवढ्या लांब कशाला आले मग?" मला तिचा रागही आला आणि वाईटही वाटलं.

१६ जुलै, मंगळवार

ओडेसा!! तिचे केस पाठीपर्यंत, वाढदिवसाला पार्लरमध्ये सरळ करून घेतलेले. कुणाला बोट लावू देत नाही. आज आमच्या दारात उभी — डोकंभर वेण्या! शेजारी वर्लीन, तिच्याही.

"मिस लुएला," ओडेसा म्हणाली, "आता आम्हीही शेतातूनच आलो. लग्नाला तिघी एका बाकावर बसू. लोकांना काय म्हणायचं ते तिघींना म्हणू दे."

वाटलं, आता मम्मा हिला हाकलते. ती नुसती दोघींच्या डोक्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आत या. जेवलात का?" तळलेला मासा वाढला. हो म्हणाली नाही, पण नाहीही म्हणाली नाही!

१९ जुलै, शुक्रवार

सकाळी मम्माने कंगवा खणात टाकला आणि म्हणाली, "बोलाव तुझ्या त्या वर्लीनला. भांग मात्र सरळ हवा. आणि मी काही बघायला येणार नाही."

हो!! हो म्हणाली!!

दुपारभर दारापुढच्या पायऱ्यांवर, वर्लीनच्या गुडघ्यांमध्ये बसले. काय ओढते ही मुलगी! ओडेसा मला चेरीचा बर्फगोळा भरवत होती. "मान हलवलीस तर उद्या वाकडी पोहशील," वर्लीन म्हणाली. हसले आणि खाल्ली एक टपली.

२० जुलै

दुसऱ्या आलो!!! शहरात दुसऱ्या!!!

ओडेसा मागे पडली होती, वर्लीनने भरून काढलं, मग मी! अर्ध्या वाटेत टोपी सुटून गेली. जाऊ दे गेली तर! वेण्या जागच्या जागी. भिंतीला हात लावून वर पाहिलं तर कुंपणापाशी मम्मा. चर्चला घालते ती हॅट, दोन्ही हातांनी जाळी गच्च धरलेली.

मी धावत गेले. "मम्मा, पाहिलंस?"

"त्या खोल पाण्यात!" ती माझ्यावर ओरडलीच. "तुला काही झालं असतं तर मी काय केलं असतं, लुनेल? मला पोहता येत नाही! आमच्या गावच्या तलावावर आम्हा काळ्यांना पाऊल ठेवू देत नव्हते. कुठे शिकणार होते मी?" आणि रडायला लागली. सगळ्यांदेखत.

म्हणजे ते केसांचं नव्हतंच. वर्लीन तशीच ओलीचिंब तिला बिलगली. मग ओडेसा, मग मी. "अगं पोरींनो, माझा झगा!" म्हणत होती, पण सोडत नव्हती.

२१ जुलै, रविवार

लग्न झालं. तिघी एका बाकावर. रोझेटामावशी म्हणाली, "मला आधी का नाही सांगितलंत? मीही घातल्या असत्या." केक तीनदा खाल्ला.

२२ जुलै

सकाळी दार उघडलं तर पायऱ्यांवर वर्लीन, आणि तिच्या गुडघ्यांमध्ये मम्मा.

"घट्ट घाल गं," मम्मा तिला सांगत होती, "दुपारी पाण्यात उतरायचंय."