कापल्या शेपटीचा खडस

मंगळवार, सांजंला

कॉलेजची मॅडम दर हंगामाला डोहातलं मासं मोजाय येती. खडस घावला की खुणंला शेपटीचं टोक कापती आन् सोडून देती. मासा धरायचं काम माझं.

आज माझ्या लेकानं खडस आणला. शेपटी बघितली, कापलेली!

"मुडद्या, ह्यो मॅडमचा हाय की!"

"आये, नाव लिवलंय व्हय त्येच्यावर?"

लिवलंयच की. मीच धरलावता.

कालवण केलं. मी बी खाल्लं. खोटं कशाला बोलू, ग्वाड लागलं.

उद्या मॅडम येणार, इचारणार, "आज्जी, आपला खडस?" डोहात मासं माराय बंदी; खरं सांगावं तर लेकाला धरत्यात. न्हाय सांगावं तर पोरगी आठ दिस गार पाण्यात त्योच हुडकणार, मी शेजारी उभी. शेपटी चुलीत टाकाय दोनदा उठले. चंचीतच हाय अजून.