सुधाकररावांची बरणी

१६ एप्रिल २००६, रविवार

आजपासून रोज लिहिणार. डॉक्टर म्हणाले, मनातलं कागदावर उतरवा, ब्लडप्रेशर आपोआप उतरेल. सकाळी १६०. लिहून झाल्यावर पुन्हा बघणार.

परवा चौदा एप्रिलच्या जयंतीला बॅनर फ्लेक्सचा होता. बदलीवर जयपूरला आलो त्याला एकतीस वर्षं झाली. तेव्हापासून आमच्या मराठी बौद्ध मंडळाचा प्रत्येक बॅनर मी रंगवला. रेल्वेत पेंटर होतो. वॅगनवरचे नंबर, डब्यावरची नावं, सगळं स्टेन्सिलने. दरवर्षी माइकवरून सांगायचे, सजावट भीमराव यांची. यंदा सचिव राजन म्हणाले, काका, फ्लेक्स तासाभरात छापून मिळतो, तुम्ही आता आराम करा. मी आराम केला. दिवसभर छातीत धडधडत होतं. माइकवर नाव आलं नाही.

वाईट वाटलं नाही. फ्लेक्स उजवीकडे दोन बोटं खाली टांगला होता, एवढंच चार-पाच जणांना दाखवलं. मग आणखी तिघांना.

लिहून झालं. १६८. मशीन बिघडलं असावं.

१९ एप्रिल, बुधवार

मंडळाची मीटिंग. १३ मेला बुद्धपौर्णिमा. भन्तेजी आणि पाहुणे धरून चाळीस जणांना हाताने बनवलेलं कार्ड द्यायचं ठरलं. मी घसा साफ केला. तेवढ्यात राजनने सुधाकररावांचं नाव घेतलं.

सुधाकरराव म्हणजे विमा कंपनीतून रिटायर झालेले साहेब. बी.ए. विधुर. माझ्यापेक्षा चारच वर्षांनी लहान, पण केस वयाला शोभत नाहीत इतके दाट. खिशातून नमुना काढला. सांगानेरचा जाड हँडमेड कागद, त्यावर पिंपळपान, आणि पान कागदातून वर आलेलं. एम्बॉसिंग पेस्ट म्हणे. कागदावर स्टेन्सिल ठेवायचं, चपट्या सुरीने पेस्ट पसरायची, स्टेन्सिल उचलायचं. वाळलं की पान उठून दिसतं. सगळ्यांनी पानाच्या शिरांवरून बोट फिरवून बघितलं. मी फिरवलं नाही. चष्मा घरी राहिला होता.

सौ. रत्नमालाने विचारलं, मला शिकवाल का? ते म्हणाले, ताई, तुमच्यासारखा स्थिर हातच हवा आहे.

माझ्या बायकोचा हात स्थिर आहे हे यांना कुठून कळलं?

मत्सर माझ्या स्वभावात नाही. फक्त माहितीसाठी लिहिलं.

२३ एप्रिल, रविवार

सुधाकररावांचा क्लास सुरू. बारा बायका. रत्नमाला अबोली साडी नेसून गेली. ती साडी मी पाच वर्षांपूर्वी आणली तेव्हा रंग भडक आहे म्हणाली होती.

परत आल्यावर म्हणाली, सुधाकरराव किती शांतपणे शिकवतात, आवाज म्हणून चढवत नाहीत. मी शांतपणे विचारलं, मग चढवतं कोण? आतून प्रियंका, म्हणजे नात, म्हणाली, आजोबा, ओरडू नका ना, मतलब माझी उद्या टेस्ट आहे.

निर्णय : मी स्वतः कार्ड बनवणार. त्यांच्यापेक्षा चांगलं. तेरा तारखेला माइकवर कोणाचं नाव येतं ते बघू. स्टेन्सिल काय मला नवीन आहे? जितक्या वॅगनवर मी नंबर मारले तितक्या पॉलिसी त्यांनी विकल्या नसतील.

२६ एप्रिल, बुधवार, दुपार

पेस्ट घरीच केली. त्यात काय आहे? रेल्वेत फळीच्या भेगा बुजवायला आम्ही लांबी मळायचो. खडूची भुकटी आणि अळशीचं तेल. त्यात थोडा पांढरा गोंद माझ्या डोक्याने घातला. शिक्षण सातवीपर्यंत, पण डोकं आहे. आठवीची परीक्षा तापामुळे राहिली, नाहीतर आज वेगळं चित्र असतं.

पान छान उठलं. फार समाधान.

२८ एप्रिल, शुक्रवार

पानाभोवती तेल फुटलं. पिवळट डाग, वीतभर नाही पण बोटभर नक्की. प्रियंका म्हणाली, आजोबा, ह्यात कचोरी बांधून आणली होती का?

दोष कागदाचा. सांगानेरवाले पूर्वीसारखा कागद करत नाहीत.

१ मे, सोमवार

बरणी आमच्या घरी आली. सुधाकररावांच्या मुलीने बंगळुरूहून पाठवलेली, परदेशी पेस्टची. त्यांची खोली गच्चीवर, वर पत्रा. पेस्ट उन्हाने वाळेल म्हणून रत्नमालाच्या ताब्यात दिली. आमचं घर तळमजल्यावर, कूलर आहे. चाळीस कार्डं याच एका बरणीतून व्हायची आहेत.

रत्नमालाने बरणी ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवली. माझी ब्लडप्रेशरची गोळी ती कधी इतकी जपून ठेवत नाही.

प्रियंकाने विचारलं, आजोबा, तुम्ही सुधाकर अंकलवर जळता का? मतलब, जेलस? मी म्हणालो, मी कशाला जळू? ती म्हणाली, मग दर दहा मिनिटांनी माठाकडे पाणी प्यायला का जाता? उन्हाळा आहे, असं उत्तर दिलं. आज अठरा ग्लास पाणी झालं. रात्री झोप नाही.

४ मे, गुरुवार, दुपारी २

रत्नमाला चाकसूला ओळखीच्या घरी बारशाला गेली आहे. प्रियंका शाळेत. घरी मी आणि बरणी.

फक्त एक चमचा घेणार. अस्सल पेस्ट आणि माझा हात एकत्र आले तर काय होतं ते एकदा सिद्ध होईल. तेच कार्ड राजनला दाखवणार.

पान मारलं. पेस्ट लोण्यासारखी आहे. स्टेन्सिल अजून उचललं नाही. सुधाकरराव लगेच उचलतात म्हणे. हा अडाणीपणा. रेल्वेत नियम होता, वाळल्याशिवाय स्टेन्सिलला हात लावायचा नाही, नाहीतर कडा पसरते आणि साहेब मेमो देतो. अख्ख्या नोकरीत मला एकही मेमो नाही.

वाळेपर्यंत पडतो जरा. लू सुटली आहे, वारा नुसता भाजतो.

त्याच दिवशी, ५ वाजता

स्टेन्सिल कागदाला चिकटलं. ओढलं तर पानासकट कागदाचं कातडं निघालं.

त्याहून वाईट. झाकण लावायचं राहिलं. लाइट गेली, कूलर बंद पडला, खिडकीतून तीन तास लू आत आली. बरणीतली पेस्ट दगड झाली. सुरी टेकवली तर टणटण वाजते. पाणी घातलं. पाणी वर, दगड खाली.

डावा हात बधिर वाटतो. बहुधा त्याच कुशीवर झोपलो म्हणून.

रत्नमाला सातच्या बसने येते. दोन तास आहेत.

त्याच दिवशी, ६.४०

काम झालं. दगड स्क्रू ड्रायव्हरने फोडून काढला, गुलमोहराच्या बुंध्याशी पुरला. बरणीत माझी लांबी भरली. गोंद जास्त घातला. रंग सेम टू सेम. वर ओलं फडकं गुंडाळलं.

ही फसवणूक नाही. नुकसानभरपाई आहे.

१० मे, बुधवार

आज क्लासमध्ये चाळीस कार्डं झाली. मी सकाळपासून पांघरूण घेऊन पडून होतो. बाहेर ४३ डिग्री. रत्नमाला संध्याकाळी आली. मी डोळे मिटून विचारलं, पेस्ट कशी होती? म्हणाली, चांगली होती. आणि चहा ठेवायला गेली. एवढंच.

म्हणजे पचलं.

आता मनात येतं, बी.ए. झालेल्या माणसाला वॅगनची लांबी ओळखता येऊ नये?

१२ मे, शुक्रवार

तेल फुटलं. चाळीसच्या चाळीस कार्डांवर. सकाळी सुधाकररावांचा फोन. रत्नमाला बराच वेळ हं, हं करत होती. मग मला म्हणाली, डाग पडलेत, ते फार घाबरलेत, नवीन करायला वेळ नाही.

मी म्हणालो, बिचारे. उद्या चारचौघांत त्यांची काय अवस्था होईल! आज प्रथमच दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. ब्लडप्रेशर १३०.

१३ मे, शनिवार

लिहायची इच्छा नाही, तरी लिहितो.

भन्तेजींनी कार्ड हातात घेतलं. बराच वेळ बघितलं. मग माइकवर म्हणाले, मी देशभर फिरतो, असं काम कुठे बघितलं नाही. पिंपळपानाभोवती ही सोनेरी प्रभा कशी आणली? पान आतून उजळल्यासारखं वाटतं.

सगळ्यांनी आपापली कार्डं उजेडाला धरली. खरंच प्रभा होती. माझ्या तेलाची.

सुधाकरराव उठले. मला वाटलं, आता हा माणूस खुशाल श्रेय घेणार. पण त्यांनी जास्त वाईट केलं. म्हणाले, खरं सांगतो, ही किमया माझी नाही. मला कशी झाली तेही माहीत नाही. पेस्ट रत्नमालाताईंनी सांभाळली, सगळी त्यांच्या हाताची पुण्याई. राजनने तिला मंचावर बोलावलं. शाल दिली. माइकवर तिचं नाव तीनदा घेतलं. मी मोजलं.

मी उभा राहिलो. किमया कोणाची ते सांगणार होतो. पण ते सांगायचं तर बरणी कोणी सुकवली तेही सांगावं लागलं असतं. तसाच उभा राहिलो. राजन खालच्या आवाजात म्हणाले, काका, बाथरूम डावीकडे आहे.

गेलो.

१४ मे, रविवार

रत्नमालाला सगळं सांगितलं. धीर करून. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, माहीत आहे.

म्हणाली, बरणी उघडल्या उघडल्या अळशीचा वास आला, नोकरीभर तुमचे ड्यूटीचे कपडे धुतलेत मी. मी विचारलं, मग वापरली कशाला? म्हणाली, बारा बायका सुऱ्या घेऊन बसल्या होत्या, त्यांना काय सांगू, आमच्या ह्यांनी त्यात वॅगनचा मसाला भरलाय? मी म्हणालो, निदान काल तरी सांगायचं. म्हणाली, खांद्यावर शाल पडल्यावर कोण सांगतं हो?

ही बाई इतकी आतल्या गाठीची आहे हे मला चाळीस वर्षांत कळलं नाही. हे सुधाकररावांच्या क्लासमुळे.

निर्णय : उद्या त्यांनाच जाऊन सांगणार. इज्जत गेली तरी चालेल, प्रभा माझी आहे.

१५ मे, सोमवार

गेलो. तीन जिने. दुपारची वेळ. सगळं सांगितलं, दगड कुठे पुरला तेही. सुधाकररावांनी शांतपणे ऐकलं, आवाज चढवला नाही. मला पंख्याखाली बसवलं, साखर-मीठ घातलेलं पाणी दिलं. म्हणाले, भीमरावजी, उन्हाचं असं बाहेर पडू नका. माझे वडीलही शेवटी शेवटी कोणाचंही काम बघितलं की हे मीच केलं म्हणायचे. मनाला लावून घेऊ नका, वयाने होतं.

चारच वर्षं लहान आहेत.

रिक्षाने घरी सोडलं. वाटेत माझा हात धरून ठेवला होता.

२५ मे, गुरुवार

गेल्या गुरुवारी सी-स्कीम या बड्या वस्तीतल्या एका भेटवस्तूंच्या दुकानातून ऑर्डर आली. प्रभावाली कार्डं, दोनशे. मागे नाव छापणार : रत्नमाला आणि सुधाकर. सुधाकररावांनी बंगळुरूहून दोन नव्या बरण्या मागवल्या, त्यातून प्रभा येत नाही. ते हैराण आहेत. कालपासून तीनदा फोन.

रत्नमाला खडूची भुकटी आणि अळशीचं तेल घेऊन आली, माझ्यापुढे परात ठेवली. म्हणाली, मळा.

मी तीन तास विचार केला. मग साफ सांगितलं, मळेन, पण माझी एक अट आहे. रेल्वेचा सीनियर पेंटर घरात बसून बायकोच्या हाताखाली पीठ मळल्यासारखी लांबी मळतो, हे बाहेर कोणाला कळता कामा नये.

ती म्हणाली, कोणाला कळणार आहे?