डान्झिग आणि लालबाग

सर, तुम्ही गेलात त्या वयाच्या पुढे मी आता पोचले आहे. म्हणून लिहायला बसले. यापूर्वी दोनतीनदा बसले होते, पण प्रत्येक वेळी पहिल्याच पानावर मी स्वतःची बाजू मांडू लागले आणि कागद फाडून टाकला.

तुमचा तास अजून डोळ्यांपुढे आहे. गिरगावातलं कॉलेज, खिडकीतून येणारी ट्रामची घणघण, फळ्यावर टांगलेला युरोपचा नकाशा. तुम्ही छडीचं टोक डान्झिगवर ठेवता आणि विचारता, "दोन देश भांडतायत म्हणून हे शहर तिसऱ्याच्या हवाली केलं. आता सांगा, शहर कुणाचं? राहणाऱ्यांचं, राबणाऱ्यांचं, की ज्यांनी भांडवल घातलं त्यांचं?" बाहेर रस्त्यावर हाच प्रश्न घोषणा होऊन चाललेला असतो, आणि तो परीक्षेच्या वहीत कसा लिहायचा हे आम्हाला कळत नाही. आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय मी घेतला तेव्हा आईला वाटलं होतं, मुलगी विलायतेला जायचं म्हणतेय. मला मात्र तुमच्या तासाला पहिल्यांदा कळलं की आमच्या चाळीसमोरचा रस्तासुद्धा नकाशावर असतो.

त्या वर्षी वादविवादाला तुम्ही विषय ठेवलात, मोठी शहरं प्रांतांपासून वेगळी ठेवावीत की नाही. मुंबईचं नाव घेतलं नव्हतं, घ्यायची गरजही नव्हती. वेगळी ठेवावीत, ही बाजू घ्यायला कुणी तयार होईना. मी हात वर केला. तुम्ही मला खोलीत बोलावलंत.

"तू लालबागची ना? घरी काय सांगशील?"

"सर, दुसऱ्या बाजूला दहा जण आहेत. या बाजूला मी एकटीच असेन."

तुम्ही चष्मा काढलात. "म्हणजे हुशारी दाखवायचीय. त्यासाठी दुसरा विषय घे. या विषयात माणसं मेली आहेत."

मला राग आला. मी हट्ट धरला. शेवटी तुम्ही कपाटातून दोन पुस्तकं काढून दिलीत आणि म्हणालात, "मग नीट कर. अर्धवट केलंस तर दोन्ही बाजूंचा अपमान होईल." मी नीट केलं. डान्झिग आणलं, तसंच दोन देशांच्या वादात अडकलेलं ट्रिएस्ट शहर आणलं. सुरुवातीला आरडाओरडा झाला, पाय आपटले गेले, मग सभागृह हळूहळू गप्प झालं. ढाल मला मिळाली.

तिसऱ्या दिवशी बातमी चाळीत पोचली. मी कॉलेजातून आले तर आमच्या दारात शेजारच्या काकी उभ्या. त्यांचे यजमान मोर्चात गोळी लागून गेले, त्याला वर्षही झालं नव्हतं. त्या ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "चेडवा, मुंबय आमची न्हय, असां तू बोललंस? खरां?" आत चाळीतली पाचसहा माणसं बसलेली. बाबा पहिली पाळी करून आले होते, कपड्यांना कापूस चिकटलेला. मुंबईच्या चळवळीत दोनदा तुरुंगात जाऊन आलेला हा माणूस मान खाली घालून बसला होता. ते एवढंच म्हणाले, "काय ते सांग सगळ्यांना."

मी म्हणाले, "सरांनी लिहून दिलं होतं. नाही म्हटलं असतं तर नापास केलं असतं."

खोलीतला ताण एकदम सैल पडला, सर. कुणीतरी तुम्हाला शिवी दिली. काकींनी मला जवळ घेतलं. बाबांनी डोक्यावर हात ठेवला, जो त्यांनी माझं बारावं वर्ष सरल्यापासून ठेवला नव्हता. इतकी माया मला त्या घरात त्याआधी किंवा नंतर कधी मिळाली नाही.

आठवड्याभरात तुमच्या खोलीच्या दाराला डांबर फासलं गेलं. मुलांनी तासावर बहिष्कार टाकला. प्राचार्यांनी आपल्या दोघांना समोरासमोर उभं केलं आणि मला विचारलं, "ही बाजू तुम्हाला कुणी दिली?" मी बोलायच्या आत तुम्ही म्हणालात, "बाजू मी वाटल्या. जबाबदारी माझी." माझ्याकडे तुम्ही पाहिलंही नाहीत. सत्र संपायच्या आत तुम्ही राजीनामा दिलात. तुमच्या शेवटच्या तासाला आम्ही चौघेच होतो. तुम्ही नेहमीसारखा नकाशा टांगलात, प्रश्न विचारलात आणि माझ्याकडे वळून म्हणालात, "बोला, तुमचं काय मत?" तीन वर्षं तुम्ही मला 'तू' म्हणत होता.

मी वही उघडून तारीख लिहिली.

पुढे मुंबईसह राज्य झालं. चाळीच्या कठड्याकठड्यावर पणत्या लागल्या. काकी यजमानांच्या फोटोपुढे बसून रडत होत्या आणि मी त्यांच्या शेजारी बसून रडत होते. तो आनंद खोटा नव्हता, हे तुम्ही मानाल का, मला माहीत नाही. मी तुमचाच विषय शिकवत नोकरी केली. तुम्ही गेल्याचं वर्तमानपत्रात वाचलं, दादरच्या शोकसभेला गेले, मागच्या रांगेत बसले. कुणीतरी ओळखून मला बोलायला उठवलं. मी म्हणाले, "सरांनी आम्हाला निर्भयपणे विचार करायला शिकवलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत तुमच्या पत्नी होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, माझ्याकडे नुसतं पाहिलं. तुम्ही घरी काय सांगितलं होतं, ते त्या नजरेवरून कळलं नाही. विचारायला मी थांबलेही नाही.

आता बाबा नाहीत, काकी नाहीत, ती चाळही पाडली. खरं सांगायला मला कुणाची आडकाठी उरलेली नाही. आणि हे पत्र जाणार तरी कुठे. तरी सर, त्या भाषणातलं एक वाक्य मी ढालीसाठी बोलले नव्हते. ते मला तेव्हाही पटलं होतं, आजही पटतं. कोणतं, ते इथे लिहायला दोनदा लेखणी टेकवली. धीर होत नाही.