कॉम्प्रेसरखालचा ठिपका

बाबा, कोपरच्या वकिलांची गाडी आज परत आली. माजिवड्याच्या आपल्या गॅरेजात तिला एसीचा नवा कॉम्प्रेसर बसवला, त्याला पाच वर्षं झाली; तुम्हाला जाऊन तीन. आता त्याचं बेअरिंग वाजतंय, बदलून हवा म्हणाले. मी बॉनेट उघडलं.

त्या मे महिन्यात मी एम.ए. होऊन, कुठे नोकरी न लागल्यामुळे तुमच्या हाताखाली आले होते. ‘‘एवढी पुस्तकं वाचलीस, आता नट कुठल्या बाजूला सुटतो ते वाच,’’ असं तुम्ही गिऱ्हाइकासमोर म्हणायचात आणि मला राग यायचा. तुमचा एक नियम होता. नव्या कॉम्प्रेसरमध्ये तेल घातलं की त्याच्या पोटाला आईच्या नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा. आठवणीच्या भरवशावर काही ठेवायचं नाही. त्या दिवशी वकील घाईत होते. गरोदर मुलीला आणायला नाशिकला निघायचं होतं. मी कॉम्प्रेसर बसवला, गॅस भरला, गार हवा आली, गाडी गेली. मग तुम्ही विचारता, ‘‘तेल घातलंस ना गं?’’ मी घातलेलं नाही. ठिपका आहे का हे उलटवून बघायचंही विसरले आहे. मी म्हणते, ‘‘घातलं. ठिपकाही दिला.’’ तुम्ही माझ्याकडे बघता, फळीवरची तेलाची बाटली उचलून उजेडाकडे धरता, परत ठेवता. ‘‘बरं. चहा सांग,’’ एवढंच म्हणता.

तेलाशिवाय कॉम्प्रेसर जाम होतो, पट्टा जळतो. त्या गाडीत त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप होता; तो थांबला की इंजिन तापून गाडी बंद पडते. वकिलांच्या घरी फोन होता, नंबर आपल्याकडे होता. मी केला नाही. ते पुन्हा फिरकले नाहीत, तेव्हा मी धरून चालले की गाडी कसारा घाटात बंद पडली असणार, आणि त्या मुलीचं काय झालं हे कुणाला विचारायचं धाडस मला कधी झालं नाही.

आज मागच्या सीटवर त्यांचा नातू बसला होता, खिडकीची काच वरखाली करत. वकील म्हणाले, इतकी वर्षं काही त्रासच नाही, म्हणून येणं झालं नाही. मी जुना कॉम्प्रेसर काढून उलटा केला. मळ पुसला. खाली लाल ठिपका होता. त्या सकाळी मी यायच्या आधीच तुम्ही तेल घालून ठेवलं होतं. बाटली तुम्ही का पाहिलीत, तेही आज कळलं. दोनदा तर पडलं नाही ना, एवढंच तुम्हाला बघायचं होतं. पातळी सकाळी होती तिथेच होती. म्हणजे मी खोटं बोलले हे तुम्हाला चहा यायच्या आधीच माहीत होतं, आणि पुढे दोन वर्षं तुम्ही ते माझ्या तोंडून यायची वाट पाहिलीत, किंवा विसरून गेलात.

दुपारी डबा उघडला तर पोळी नेहमीपेक्षा सहज घशाखाली उतरली. हा कागद तेलाच्या बाटलीखाली ठेवते आहे, डाग पडेल तो पडेल. बाबा, तेल मी घातलं नव्हतं.