पाच सूत

देऊळघाट
गुरुवार, १२ डिसेंबर २०२४

श्री. भगवंतराव दाजी यांस,

साष्टांग नमस्कार लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिला. घातला असं समजू नका. इकडं सगळं ठीक. आईचे गुडघे थंडीनं धरलेत, तूर यंदा शेंगांनी वाकली आहे, आमच्या प्रेमच्या लग्नाची तारीख अजून निघायची आहे. तुमची खुशाली मला नको आहे, पण पत्रात विचारतात म्हणून विचारली.

तुमचा नंबर मी ऑगस्टपासून बंद करून ठेवलाय. उघडावा असं अजून वाटलेलं नाही. फोनवर तुमचा आवाज आला की मला शिव्याच सुचतात, आणि सांगायचं आहे ते शिव्यांत मावणार नाही. दुपारी इथं वीज जाते, वेल्डिंग बंद पडतं. तेवढ्या वेळात लिहितोय.

आधी तुमच्या निरोपाचं उत्तर. "सुवर्णाले पाठवून द्या, मी पाय धरतो," असं तुम्ही दिवाळीनंतर आईला कळवलंत. पाय धरायची हौस असेल तर देवळात जा. सुवर्णा माझी धाकटी बहीण आहे आणि चार महिन्यांपासून स्वतःच्या मर्जीनं माझ्या घरात राहते आहे. मी तिला पाठवणार नाही. तिच्या डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट तुमच्या गॅरेजात गेलं, अजून काय पाहिजे तुम्हाला?

उंद्रीच्या रस्त्यावर जुन्या मोटारींचा डॉक्टर म्हणून तुम्ही बोर्ड लावलाय. डॉक्टर कोण आहे ते अख्ख्या जिल्ह्याला माहीत आहे. लग्नानंतर तुम्ही तिला पाने उचलून द्यायला उभं केलंत, आणि तीन वर्षांत ती नुसत्या आवाजावरून व्हॉल्व्हची फट किती ते सांगायला लागली. मेहकरचे वकीलसाहेब त्यांची शेहेचाळीस सालची डॉज तुमच्याकडं तिच्या हातासाठी आणतात, तुमच्या मिशांसाठी नाही. हे तुम्हाला कुणीतरी तोंडावर सांगायला हवं होतं.

आता घोडी. इंजिन गाडीतून काढून ज्याच्यावर टांगायचं, उलटंसुलटं फिरवायचं, ती घोडी. मी बनवलेली, तुम्ही वापरलेली, आणि राखीनंतर तिसऱ्या दिवशी वाकलेली. वकीलसाहेबांचं इंजिन उलटं करून सुवर्णा खालच्या बाजूचे बेअरिंग बसवत होती. इंजिन जिला बोल्टनं आवळायचं ती तोंडाची प्लेट दुमडली, इंजिन खाली आलं, आणि तिचा हात घोडीच्या पायात आणि इंजिनात सापडला.

तुमची चिठ्ठी माझ्याकडं आहे. तुमच्याच अक्षरातली, ऑइलच्या डागासकट. "तोंडाची प्लेट ५. हात ५. पाइप अडीच इंची." पाच काय? पाच मिलीमीटर की पाच सूत? सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पाच सूत म्हणजे सोळा मिली झाले. पाच मिली कुठं आणि सोळा मिली कुठं! आज जालन्याच्या कुठल्याही दुकानात नुसतं पाच म्हणा, पाच मिलीचीच प्लेट तोडून देतात. 'सूत' ही दोन अक्षरं लिहायला तुमच्या पेनातली शाई संपत होती का?

हेच मी दवाखान्यात सगळ्यांसमोर म्हणालो. तुम्ही चिठ्ठी हातात घेतलीत, कपाळावर मारून घेतलंत आणि म्हणालात, "माहीच चूक हाय. मी सूत लिवलंच नाही." सुवर्णानं कॉटवरून ते ऐकलं. त्या दिवसापासून ती तुमच्याशी एक शब्द बोललेली नाही.

वीज आली. बाकीचं उद्या.

शुक्रवार

काल लिहिलेलं वाचून पाहिलं. बरोबर आहे सगळं. खोटं एकही नाही.

तुम्हाला कळवायचं म्हणजे, आम्ही नवी घोडी बनवली आहे. मी नाही म्हणत होतो. सुवर्णा म्हणाली, "वकीलसाहेबाचं इंजिन मी खोललं, मीच बांधून देईन. आठ बोटं बस झाली." तुमच्यासाठी नव्हे, तिच्या नावासाठी, हे ध्यानात घ्या.

आधी विकतची पाहिली. मोबाइलवर तिनं शंभर दाखवल्या असतील. चकचकीत, घडीच्या, लाल रंगाच्या. सगळ्या आजच्या लहान गाड्यांसाठी. इंजिनाला एका टोकाला, क्लचच्या बाजूनं धरायचं आणि बाकीचं हवेत. चार सिलिंडरचं हलकं इंजिन राहतं तसं. डॉजचं सहा सिलिंडरचं लांबलचक बिडाचं धूड एका टोकाला टांगलं तर सगळा भार त्या तोंडाच्या प्लेटवर येतो. म्हणून या वेळी तिनं वेगळी रचना काढली. मागं प्लेट आहेच, पण पुढं दुसरा खांब, आणि इंजिन गाडीत ज्या दोन कुशींवर, म्हणजे बाजूच्या टेकूंवर, बसतं त्याच कुशींना धरणारे दोन हात. दोन्ही खांबांत पाइप फिरतो. भार मध्यावर राहील असं तिनं खडूनं जमिनीवर काढून दाखवलं. तीन चाकांची घोडी खडबडीत जमिनीवर चांगली फिरते, पण कलंडते. म्हणून चार चाकं, तीही बिडाची. फिरवून झालं की अडकवायला जाड खीळ. बोल्ट जास्त ताकदीचे, ८.८ च्या शिक्क्याचे, एकेक बघून घेतलेले.

मी बत्तीस वर्षं लोखंड कापतोय, घरांची फाटकं बनवतोय आणि इतकं नीट काम माझ्या हातून पूर्वी झालं नव्हतं. प्रत्येक जोड तिनं तपासला. कुठं वेल्डिंगला भोक दिसलं की ग्राइंडरनं सगळा जोड उडवायला लावायची आणि परत भरायला लावायची. बाईच्या हाताखाली काम करायची मला सवय नाही. पण केलं.

आता जे झालं ते लिहितो.

मंगळवारी नव्या प्लेटचं माप घ्यायला तिनं जुनी, वाकलेली घोडी कोपऱ्यातून ओढून काढली. ती मी तुमच्याकडून मुद्दाम उचलून आणली होती, हे तुम्हाला आठवत असेल. तुम्हाला वाटलं रागानं नेली. तिनं जुन्या प्लेटच्या कडेला बोट लावलं. मग जाडी मोजायची मापणी घेऊन मधल्या भागाला लावली. पाच मिली. कडेला लावली. सोळा.

मला म्हणाली, "दादा, हे कडेनं पट्टी काऊन लावली होती तुनं?"

मी म्हणालो, "शोभेसाठी. मले सवय हाय."

ती हसली. चार महिन्यांत पहिल्यांदा. म्हणाली, "हाव, फाटकं बनवू बनवू तुले काठच लावल्याबिगर करमत नाही." आणि मापणी पुसून ठेवून दिली. तिनं माझं खरं मानलं. दाजी, तिला माझा संशय आलाच नाही.

तेव्हापासून मला जेवण जात नाही.

आता तुम्ही हे वाचताना थांबलेले असाल, कारण तुम्ही मूर्ख असलात तरी मिस्त्री आहात. पाच मिलीच्या प्लेटला चारी बाजूंनी सोळा मिलीची पट्टी कुणी का लावेल? पातळ प्लेट जाड दिसावी म्हणून. वर रंग मारला की तुम्हाला काय, कुणालाच कळणार नाही म्हणून. मला पाच म्हणजे पाच सूत हे चिठ्ठी उघडल्या उघडल्या कळलं होतं. तुम्ही खामगावच्या जुन्या उस्तादाच्या हाताखाली शिकलेले, जन्मात तुमच्या तोंडून मिलीमीटर हा शब्द निघालेला नाही. बायकोच्या बांगड्यांचं मापही तुम्ही सुतात सांगाल. मला कळलं होतं. सोळाची प्लेट माझ्याकडं भिंतीला उभी होती. मी पाचची घेतली.

का, ते तुम्हाला आठवतं की नाही माहीत नाही. मे महिना. प्रेमचा साखरपुडा, माझं अंगण, माझे नवे व्याही मांडीला मांडी लावून बसलेले. मी सहज म्हणालो की दाजींना इंजिनासाठी घोडी लागत असेल तर मी बनवून देतो. तुम्ही सुपारी कातरता कातरता म्हणालात, "राजकुमार फाटकवाला हाय. त्यानं फाटकंच बनवावं. इंजिनाची घोडी म्हंजे वरातीची घोडी नव्हे, का झूल टाकली अन् झालं." सगळे हसले. व्याही हसले. साल्याची थट्टा दाजी नाही करणार तर कोण करणार, असं आईसुद्धा म्हणाली. आणि सुवर्णा हसली. तोंडाला पदर लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तुमच्या बोलण्यापेक्षा मला तिच्या हसण्याचा राग आला होता. मी तिला शाळेत सायकलवर सोडलंय, दाजी, दहावीपर्यंत.

आणि दीड महिन्यानं तुमची चिठ्ठी आली. विकतची जमत नाही, तूच बनव. वर "माझं तेव्हाचं बोलणं चुकलं" असा एक शब्द नाही.

मी ठरवलं की घोडी वाकू दे. वकीलसाहेबांसमोर वाकू दे, इंजिन आपटू दे, बोर्डावरच्या डॉक्टरचं नाक कापलं जाऊ दे. विचारलंच कुणी तर चिठ्ठी आहे. पाच म्हणजे पाच. कुणाला लागलं तर, हाही विचार आला होता. आला नव्हता असं लिहिणार होतो, पण आला होता. हात सापडलाच तर तुमचा सापडेल असं वाटलं. तुमचा सापडला असता तर मला वाईट वाटलं नसतं. आजही वाटणार नाही.

राखीला ती इथं आली होती. मनगटावर राखी बांधताना म्हणाली, "दादा, घोडी लय भारी बनवली. परवा वकीलसाहेबाचं इंजिन चढवतो मी. तुह्या दाजीले म्हटलं हे तुमचं काम हाय, तर मले म्हणे तूच कर." मी समोरची पुरणपोळी खात होतो. घास तोंडात होता. गिळला, आणि म्हणालो, "जपून कर बाई." एवढंच. एक वाक्य बोललो असतो तर तिचा हात वाचला असता, आणि तुम्ही मला आयुष्यभर फाटकवाला म्हणाला असतात. मला ते दुसरं सहन झालं नाही.

दवाखान्यात तुम्ही कपाळ बडवून घेतलंत तेव्हा मी शेजारी उभा होतो. तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. मी ते पाहिलं आणि मला बरं वाटलं. पुढं चार महिने मी तिच्यासमोर तुम्हाला निष्काळजी म्हणत राहिलो. ती ऐकत राहिली. ती तुमच्याकडं येत नाही ती माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवून येत नाही.

चिठ्ठीवर सूत लिहिलं नाही ही तुमची चूक आहेच. ती मी माफ करत नाही. पण बोटं तुमच्या चुकीनं गेलेली नाहीत.

शनिवार, दुपारी

उद्या सकाळी टेम्पोत घोडी पाठवतोय. सुवर्णा टेम्पोत पुढं बसून येईल. म्हणाली, "इंजिन माह्या हातानं चढवीन, अन् सांजच्याले वापस येईन. त्याच्या घरात पाय ठेवत नाही." तुमच्याशी बोलायची तिची इच्छा नाही, तेव्हा पुढं पुढं करू नका. नव्या प्लेटला पट्टी नाही. कडेला मापणी लावा, मध्ये लावा, सगळीकडं सोळा भरेल. लावाच. माझ्यावर भरवसा ठेवू नका.

हे पाकीट मी चिकटवून तिच्याच हातात देतोय. दाजीला दे, घोडीची मापं लिहिली आहेत, असं सांगून. आईसमोर, तिच्यासमोर, बसून हे बोलायचा मी तीन दिवस प्रयत्न केला. चहा मागितला, पाणी मागितलं, बोललो नाही. मी भित्रा आहे हे तुम्हाला पहिल्यापासून वाटत होतं. घ्या, खरं ठरलं.

तेव्हा हे काम तुम्ही करा. इंजिन चढवण्याआधी नको, तिचे हात थरथरतील. चढवून झालं, खीळ बसली, की तिला खुर्ची द्या आणि हे पत्र तिच्यासमोर मोठ्यानं वाचा. पुरणपोळीचं गाळू नका. ती तुमच्याकडं राहिली तर तिच्या साड्या आणि औषधं मी टेम्पोवाल्याबरोबर पाठवीन. मी स्वतः उंद्रीला येणार नाही. ती परत आली तर दार उघडंच आहे, पण ती कुणाच्या घरात येतेय हे तिला माहीत असलं पाहिजे.

तुमच्याबद्दल माझ्या मनात काही बदललेलं नाही. फक्त तिला माझ्यामुळं तुमच्यापासून दूर ठेवायचा मला हक्क नाही.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद असं शेवटी लिहितात. कुणाला काय द्यावं असं माझ्याकडं आज काही नाही.

तुम्ही तिला ही ओळ वाचून दाखवेपर्यंत,
सुवर्णाचा भाऊ,
राजकुमार